एकशे बेचाळीस घोडे आणि एक गवा

मोटारसायकल घेऊन सात महिने झाले होते आणि त्या सात महिन्यांत तिने मला बाणेर ते हिंजवडी एवढाच प्रवास घडवला होता. दहा किलोमीटर, पन्नास मिनिटं आणि भाजलेल्या मांड्या. कावासाकी निन्जा १००० एसएक्स, २०२१ची, दुसऱ्या हाताची. १०४३ सीसी, एका ओळीत चार सिलिंडर, १४२ पीएस (अश्वशक्ती, म्हणजे घोडे) ताकद, २३८ किलो वजन. सिग्नलला रेडिएटरचा पंखा सुरू झाला की बाजूचा रिक्षावालासुद्धा पाय आत घेतो. बायकोचं मत पहिल्या दिवसापासून एकच आहे: "एवढ्या पैशात सोसायटीतल्या सगळ्यांना ॲक्टिव्हा आली असती."

शेवटी भाच्याने टोमणा मारला. "मामा, तू ती गाडी पाळतोस, चालवत नाहीस." त्याच्याकडे रॉयल एनफिल्डची हिमालयन ४५० आहे, एक सिलिंडर, ४० पीएस, आणि पोरगा तिच्यावरून हिमाचलातल्या स्पितीला जाऊन आलाय. नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात चार दिवस काढले. पुणे, कोल्हापूर, आंबोली, सावंतवाडी, मालवण आणि परत फोंडा घाटाने. साधारण साडेआठशे किलोमीटर.

पहिला दिवस: पुणे ते कोल्हापूर

पहाटे साडेपाचला निघालो. दोन्ही बाजूंना २८-२८ लिटरच्या पेट्या लावल्या होत्या आणि त्यांचा पहिला धडा खेड शिवापूरच्या टोलनाक्यावरच मिळाला. दुचाकीला टोल नाही, पण कडेच्या बोळातून जावं लागतं. त्या बोळातून हिमालयन सुळकन गेली. मी मात्र कठडा आणि पेटी यांच्यात राहिलेली दोन बोटांची फट बघत, पाय टेकत टेकत पार झालो. मागे उभा असलेला दूधवाला म्हणाला, "जाईल, जाईल, घाबरू नका." त्याच्या दोन्ही बाजूंना माझ्यापेक्षा मोठे कॅन होते.

खंबाटकीला उजाडलं. पुण्याहून जाताना आम्हाला घाट चढावा लागला, बोगदा परतीच्या वाटेवर होता. रेंगाळणारे ट्रक, त्यांच्यातून वाट काढणाऱ्या एसटी आणि मध्येच पहिल्या गियरमध्ये रडणारी एखादी व्हॅन. एरवी अशा घाटात डावा पाय आणि डावा हात सतत कामाला लागलेले असतात. इथे तिसरा गियर टाकला आणि वरपर्यंत त्याला हात लावला नाही. ट्रकच्या मागे तीसने चालायचं, फट दिसली की मनगट जरासं वळवायचं, पुढे जाऊन पुन्हा मुठ सैल सोडायची. इंजिन ना धडधडलं ना कुरकुरलं. आकड्यांत १११ न्यूटन मीटर टॉर्क (चाक फिरवणारा जोर) म्हणतात तो हाच, हे मला त्या दिवशी कळलं.

साताऱ्याच्या पुढे रुंदीकरणाची कामं, वळवलेले रस्ते, धूळ. त्यावर जास्त लिहीत नाही, सगळ्यांना पाठ आहे. पण एक गंमत सांगतो. चौपदरी रस्त्यावर आपल्याकडे दुचाकीला ताशी ८०ची मर्यादा आहे. सहाव्या गियरमध्ये ८०ला ही गाडी तीन हजार आरपीएमच्या थोडीशीच वर असते, आणि इंजिनचे फेरे दाखवणाऱ्या टॅकोमीटरवरचा बहुतेक भाग कोरा राहतो. जेवणानंतर आरामखुर्चीत डोळे मिटून पडलेल्या माणसासारखी चालते. भाच्याचं एक सिलिंडर तेवढ्याच वेगाला मन लावून काम करत होतं. दोघं एकाच वेळी कऱ्हाडला पोचलो, मग माझ्या १०२ जादा घोड्यांचा उपयोग काय, असं त्याने चहा पिताना विचारलं. मी बिस्कीट बुडवण्यात मग्न असल्याचं दाखवलं.

कोल्हापूरला अकराच्या सुमारास पोचलो. दुपारी तांबडा-पांढरा, मग झोप. संध्याकाळी गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर गेलो. म्हैस समोर उभी, धार पेल्यात, फेस ओठांना. दूध पिताना बाजूच्या तालमीतल्या दोन पोरांनी गाडीभोवती फेरी मारली आणि कोल्हापुरातला ठरलेला प्रश्न आला.

"ॲव्हरेज किती देतीया ओ?"

"सतरा-अठरा."

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. मोठा म्हणाला, "म्हशीला पेंड जास्त लागतीया म्हणा की."

दुसरा दिवस: गुऱ्हाळ, निपाणी, पंक्चर आणि आंबोली

उसाचा हंगाम सुरू झालेला. या दिवसांत या भागात गाडी चालवणार असाल तर एवढं ध्यानात ठेवा: अंधारात उसाच्या ट्रॉल्यांना मागे ना दिवा असतो ना रिफ्लेक्टर, आणि बाहेर आलेली वाढी (उसाचे शेंडे) थेट तुमच्या छातीच्या उंचीला असतात. सूर्य वर आल्याशिवाय निघू नका. आम्ही आठला निघालो.

कागलच्या अलीकडे धूर दिसला म्हणून आत शिरलो. गुऱ्हाळच होतं. गाडी लावताना पंचाईत. या गाडीला मधला स्टँड नाही, फक्त साइड स्टँड, आणि त्याचं बूड रुपयाच्या नाण्याहून थोडंसंच मोठं. खाली वाळत घातलेली चिपाडं. स्टँड हळूहळू रुतायला लागला. २३८ किलो वजन माझ्याकडे कलताना बघून एक म्हातारबाबा फळकूट घेऊन धावले आणि स्टँडखाली सरकवून म्हणाले, "आता निवांत बस म्हणावं तिला."

बाबा तिथले गुळव्या, म्हणजे गूळ करणारे. काहिलीतला रस उकळत होता. त्यात भेंडीच्या झाडाचं चिकट पाणी टाकून वर आलेली मळी ते झाऱ्याने काढत होते. पाक कधी उतरवायचा हे घड्याळ सांगत नाही. बाबांनी पाण्यात हात बुडवला, पाकाचा थेंब बोटांत धरला, गोळी वळवून बघितली आणि नुसती मान हलवली. चार माणसांनी काहील वाफ्याकडे ओढली. हे सगळं चालू असताना त्यांचं एक लक्ष माझ्या गाडीकडे होतं. रेडिएटरच्या जाळीजवळ हात नेऊन त्यांनी विचारलं, "हितनं एवढी वाफ निघतीया. हिच्यावर एक आदण शिजंल का?" मी म्हटलं, "पुण्यातल्या सिग्नलला दोन आदणं शिजतील." बाबा खूश. निघताना गरम गूळ पळसाच्या पानावर आणि काकवीची एक बाटली. पैसे द्यायला गेलो तर निम्मेच घेतले. बाटली उजव्या पेटीत ठेवली. या बाटलीचं पुढे काय झालं ते शेवटी सांगतो.

निपाणीला टाकी भरली. सीमेपलीकडे पेट्रोल थोडं स्वस्त पडतं, त्यामुळे कोल्हापूरकर जाता-येता इथेच भरतात. पंपासमोरच्या हॉटेलात सुझुकीची एक हायाबुसा उभी होती. १३४० सीसी, १९० पीएस, २६६ किलो. १९९९ साली पहिली हायाबुसा आली तेव्हा मी कॉलेजात होतो आणि तिचं पोस्टर खोलीत लावलं होतं, त्यामुळे पाय आपोआप तिकडे वळले. मालक बेळगावचे, पन्नाशी उलटलेले, मराठी आणि कन्नड एकाच वाक्यात बोलणारे. म्हणाले, "माझी बघा सरळ रस्त्याची. शंभरच्या आत असली की रुसून बसते. वळणाला सांगावं लागतं, आता वळ बाई." मग माझ्या गाडीवर बसले, हँडल धरलं, मान वर केली. निन्जाचं हँडल उंच आहे, पाठ ताठ राहते. त्यांनी दोन्ही मनगटं फिरवून बघितली आणि म्हणाले, "मनगटाचं वय पन्नास झालं की हँडल वर यायला पाहिजे. ही शहाण्या माणसाची गाडी." भाच्याने लगेच विचारलं, "मग बदलणार का?" ते उठून उभे राहिले. "शहाणपण आलंय, इच्छा अजून गेली नाही."

उत्तूरमार्गे आजऱ्याकडे निघालो. भातकापणी झालेली, हवेत पेंढ्याचा वास. आजऱ्याच्या घनसाळ तांदळाला भौगोलिक मानांकन आहे. तो शिजताना चार घरं लांब वास येतो असं इथले लोक सांगतात, आणि ते खोटं नाही हे मला लवकरच कळणार होतं. कारण आजऱ्याच्या थोडं अलीकडे मागचं चाक डुलायला लागलं. खिळा. टायर ट्यूबलेस, त्यामुळे जीव भांड्यात पडला. पण पंक्चरवाल्या पोराने मागचं टायर बघून कमरेवर हात ठेवले. "ह्यो कारचा काढून लावलाय व्हय?" १९० मिलिमीटर रुंद टायर त्याने दुचाकीला पहिल्यांदाच बघितला होता. मधला स्टँड नसल्यामुळे चाक फिरवायला गाडी पुढे ढकलायची, खिळा वर आला की थांबायचं. आम्ही दोघं ढकलतोय आणि तो ओरडतोय, "थोडी म्हागं! आता थोडी फुडं!" दहा मिनिटांत चिकट दोरा आत बसला. हवेचा दाब मात्र त्याच्या अंदाजावर सोडू नका. स्वतःचा छोटा मीटर आणि पंप जवळ ठेवा. शेजारच्या घरातून भाताचा वास येत होता. माझ्या तोंडाकडे बघून तिथल्या मावशींनी दोघांना ताटावर बसवलं. घनसाळ भात, वरून आमटी, खर्डा. पंक्चरचे दीडशे, जेवणाचं काही नाही. मावशी म्हणाल्या, "पाव्हण्याकडनं भाताचं पैसं घेत्यात व्हय?"

आंबोली. पावसाळ्यात इथे धबधब्यावर माणसांचाच धबधबा असतो. नोव्हेंबरात कोणी नाही. दुपारी चार वाजता धुकं उतरलं आणि रस्ता पन्नास फुटांपुढे संपला. गाडी रेन मोडवर टाकली. त्यात ताकद कमी होते आणि चाक घसरू न देणारा ट्रॅक्शन कंट्रोल जास्त सावध होतो. उतारावर दुसरा गियर, इंजिनच गाडी धरून ठेवतं, ब्रेकला दोन बोटं पुरतात. ओल्या वळणांवर मी जीव मुठीत धरला होता, गाडीला त्याचं काही नव्हतं. खाली दाणोलीला उतरलो तेव्हा हवा एकदम दमट, गरम. जॅकेटच्या आत घाम आणि हेल्मेटच्या काचेवर वाफ. सावंतवाडीत मोती तलावाच्या काठावर चहा घेतला तेव्हा बोटं अजून हँडल धरल्यासारखीच वाकलेली होती.

तिसरा दिवस: कोकणाने जिरवली

सकाळी चितार आळीत लाकडी आंबे-केळी घेतली, बायकोच्या शांतीसाठी. मग वेंगुर्ल्याला आणि तिथून परुळ्यामार्गे मालवण.

गाडीचं कौतुक खूप झालं, आता खरं सांगतो. हा दिवस तिचा नव्हता. दोन्ही बाजूंना जांभ्याचे गडगे, मध्ये एक गाडी मावेल एवढा रस्ता, दर दोनशे मीटरला वळण आणि प्रत्येक वाडीला स्वतःचा, स्वतःच्या मापाचा गतिरोधक. निन्जाच्या पोटाखाली १३५ मिलिमीटर जागा आहे. सामान भरल्यावर त्याहून कमी. पहिल्या तीन गतिरोधकांवर पोट घासल्याचा आवाज आला आणि प्रत्येक वेळी माझ्या पोटात कालवलं. नंतर मी ते तिरके ओलांडायला लागलो. म्हणजे समोरून एसटी आली की आम्ही दोघं एकमेकांकडे नुसतेच बघत राहायचो. त्यात समोरचं सस्पेन्शन कडक. प्रत्येक खड्डा मनगटातून दातांपर्यंत पोचायचा.

परुळ्याजवळ भाच्याला म्हटलं, दे तुझी. हिमालयनवर बसलो आणि खांदे दोन इंच खाली आले. २३० मिलिमीटर जागा, लांब सस्पेन्शन, ४० पीएस. या रस्त्यावर ४० पीएस म्हणजे सुद्धा चैन. गतिरोधक आला कधी नि गेला कधी ते कळत नव्हतं. दोन्ही बाजूंची घरं, अंगणातल्या रापणीच्या जाळ्या, सुकत घातलेले बांगडे हे सगळं मला पहिल्यांदाच दिसलं. तोपर्यंत मी फक्त डांबर वाचत होतो. मागे आरशात भाचा वाकून, ओठ दाबून येत होता. मालवणला उतरल्यावर म्हणाला, "मामा, ही गाडी वाईट नाही रे. पण हिला रस्ता आपण द्यायचा असतो. माझी रस्ता स्वतः शोधते."

उतरलो ते घर समुद्रापासून दोन मिनिटांवर. अंगणात वाळू, पुन्हा स्टँड रुतायला लागला. घरच्या काकी बाहेर आल्या, त्यांनी आधी नारळाची करवंटी आणून स्टँडखाली दिली आणि मग आमच्याकडे बघितलं. "खयसून इलास रे झिलानू?" कोल्हापूरने ॲव्हरेज विचारलं होतं, मालवणने थेट भाव विचारला: "केवढ्याक घेतलंस ह्या?" मी आकडा अर्धा करून सांगितला. काकी थोडा वेळ गप्प राहिल्या. "तेवढ्यात होडी येता. आणि होडी पैसे हाडता."

(पुढे अशी फिरायला निघाल तर एक चपटा डबा किंवा जाड प्लास्टिकची झाकणी खिशात ठेवा. प्रत्येक ठिकाणी फळकूट आणि करवंटी मिळेलच असं नाही.)

दुपारी सिंधुदुर्ग किल्ला. शिवाजी महाराजांनी १६६४ साली कुरटे बेटावर बांधायला घेतलेला. होडीत बसल्यावर पहिल्यांदाच त्या दिवशी कोणीतरी दुसरं चालवत होतं, त्यामुळे तटापेक्षा मला होडीच जास्त आवडली असं म्हटलं तरी चालेल. रात्री बांगड्याचं तिखलं, भाकरी, सोलकढी. काकींनी शेवटी खापरोळ्या केल्या, नारळाच्या गोड रसात बुडवलेल्या. भाच्याने सहा खाल्ल्या. मी किती खाल्ल्या ते लिहीत नाही.

चौथा दिवस: फोंडा घाट

सहाला निघालो. कसालपर्यंत लहान रस्ता, मग मुंबई-गोवा महामार्गाचा सिंधुदुर्गातला चौपदरी तुकडा. इतर जिल्ह्यांतल्या लोकांनी इथे येऊन नुसतं बघून जावं असा. कसालला भाच्याला किल्ली दिली. "कणकवलीपर्यंत तू." तो समोर गेला आणि वेगमर्यादेत राहून, अगदी सभ्यपणे चालवत कणकवलीला थांबला. हेल्मेट काढलं, काही बोलेना. मग म्हणाला, "मामा, मी थांबायला क्लच दाबला तेव्हा बघितलं. अख्खा वेळ तिसऱ्यातच होतो." इंजिन कुठे ओरडलं नाही, म्हणून त्याला गियर बदलावासाच वाटला नव्हता. त्यानंतर एक तास त्याने स्वतःच्या गाडीचा कंप वाढलाय का, हे तीनदा विचारलं.

फोंडा घाट मी चढलो. रस्ता कोरडा, गर्दी नाही, झाडांमधून सकाळची तिरपी उन्हं. या गाडीबद्दल कोणी विचारलं तर मी आकडे सांगणार नाही, हा घाट सांगेन. दुसरा, तिसरा, पुन्हा दुसरा. क्विकशिफ्टरमुळे क्लचला हात लावायची गरज नाही, पायाने टचकन गियर बसतो. वळणात शिरताना गाडी स्वतःहून आत कलते, बाहेर पडताना मूठ उघडली की मागचं चाक जमीन ढकलतं आणि पुढचं वळण आपसूक जवळ येतं. वेग फार नसतो, पन्नास-साठ. पण हवी तेव्हा, हवी तेवढी आणि न विचारता मिळणारी ताकद असली की माणूस घाई करत नाही. मागून आलेल्या एका जीपला मी स्वतः हात दाखवून पुढे जाऊ दिलं.

हल्ली या गाडीची जागा निन्जा ११०० एसएक्सने घेतली आहे. १०९९ सीसी, ताकद १३६ पीएस म्हणजे कमी, टॉर्क किंचित जास्त. त्यावर बरेच जण नाराज आहेत. या घाटात वरचे सहा पीएस मला कुठे सापडले नाहीत, त्यामुळे मी नाराज नाही.

वर दाजीपूरचं जंगल. एका वळणानंतर भाचा रस्त्यात थांबलेला, हात मागे करून खुणावतोय. समोर साधारण तीस मीटरवर गवा. एकटा नर. पायांना पांढरे मोजे घातल्यासारखे, वरचं अंग ओल्या कोळशाच्या रंगाचं, खांद्यावरचा उंचवटा माझ्या हेल्मेटच्या वर. रस्त्याच्या मधोमध, आमच्याकडे तोंड करून. एकटा गवा म्हणजे हलायचं नाही, हॉर्न वाजवायचा नाही, उलटा पळायचाही प्रयत्न करायचा नाही. मी हळूच लाल बटण दाबून इंजिन बंद केलं. जंगल एकदम गप्प. आणि त्या शांततेत माझ्या गाडीचा रेडिएटर पंखा घर्रर्र करून सुरू झाला.

घाट चढून आल्यामुळे इंजिन तापलेलं. किल्ली चालू राहिली होती आणि पंख्याला जंगलाचे नियम माहीत नव्हते. गव्याचे कान पुढे आले. त्याने नाकातून श्वास सोडला, तो मला ऐकू आला, आणि एक पाऊल टाकलं, माझ्या दिशेने. किल्ली फिरवावी तर हात हलवावा लागणार. मी हलवला. इतका हळू मी आयुष्यात काहीच केलं नसेल. पंखा थांबला. गवा तसाच उभा राहिला, मग मान वळवली, आणि कारवीत शिरताना एकही काटकी मोडल्याचा आवाज झाला नाही. भाचा पाच मिनिटांनी म्हणाला, "तुझी गाडी त्याच्याशी बोलली." मी म्हटलं, "किती देतो ते विचारलं." दोघं हसलो, पण पाय अजून थरथरत होते. या रस्त्यावर पहाटे आणि संध्याकाळी वळणाआधी वेग कमी ठेवा.

राधानगरीला धरणाजवळ थांबून चहा घेतला. शाहू महाराजांनी बांधायला घेतलेलं धरण; त्याचे स्वयंचलित दरवाजे पाणी ठरावीक पातळीला चढलं की आपोआप उघडतात. चहावाले काका हे घरातल्या मुलाच्या मार्कांसारखं सांगत होते.

कोल्हापूर ते पुणे याबद्दल लिहिण्यासारखं एवढंच की साताऱ्याला कंदी पेढे घेतले, खंबाटकीच्या बोगद्यातून आलो, आणि नवले पुलापाशी अडकलेल्या गर्दीत पंखा पुन्हा सुरू झाला. या वेळी बाजूला गवा नव्हता, एक पीएमपी होती. मांड्या भाजल्या. घरी आलो असं वाटलं.

रविवारी सकाळी खाली पार्किंगमध्ये साखळी साफ करायला गेलो तर खांबापासून गाडीपर्यंत मुंग्यांची एक सरळ रेघ. साइड स्टँडवरून चढून, सायलेन्सरच्या वरून, उजव्या पेटीच्या फटीत. पेटी उघडली. काकवीच्या बाटलीचं झाकण कुठल्याशा गतिरोधकावर सैल झालं होतं. माझे दोन शर्ट, लाकडी आंबा आणि गाडीच्या विम्याचे कागद, सगळं एका ढेपेत. बायको वरून खिडकीतून बघत होती. "काय झालं?" म्हणाली. मी म्हटलं, मुंग्या लागल्यात. ती जरा वेळ थांबली.

"राहू दे. कोणी तरी वापरतंय ना गाडी."